न भांडण्याची फी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्या ऑफिसला पायरी नाही, लिफ्ट आहे.
अकरावा मजला, मनामा,
खिडकीखाली भराव घालून मागे ढकललेला समुद्र.
इथे येतात ते शहाणेच:
विकणारा आणि घेणारा एकाच टॅक्सीतून,
झटापट झालीच तर भाडं कोण देणार यावर.

मी वकील नाही. वकिलांचा वेळ मोजतो.
सहा मिनिटांचं एक माप, तासाला दहा मापं,
फोन उचलला की एक, लांबला की दोन.
दिनाराचे फिल्स हजार, म्हणून बिलात
टिंबापुढे तीन घरं.
चौदा वर्षांत एकही घर रिकामं सोडलेलं नाही.
शून्य का होईना, लिहितो.

भांडणाची फी त्या मानाने सोपी.
तिथे तारखा असतात, निकाल असतो,
हरलेल्याच्या माथी मारता येतो खर्च.
न भांडण्याच्या फीला
आधी सही केलेला एक कागद, बस:
तासावर, की ठोक,
की व्यवहाराच्या रकमेवर शेकडा अमुक.
आणि काहीच ठरलं नसेल तर 'वाजवी' हा शब्द,
जो कोथिंबिरीच्या जुडीला पुरतो,
इथे पुरत नाही.

परवा अब्दुलगनी परकार आले, दाभोळचे,
सोबत भागीदार कुरियन.
मुहर्रकच्या गल्लीतलं कोल्ड स्टोअर
(नाव थंड; मिळतं खुबूस, अंडी, रिचार्ज कार्ड)
एकतीस वर्षं दोघांचं.
आता परकारांचा हिस्सा कुरियनना.
किंमत दोघांनी दुकानातच ठरवली होती
बिस्किटांच्या खोक्याच्या झाकणावर.
ते झाकण फाइलला जोडलंय.
परिशिष्ट दोन.

उस्ताजा बुदूर कलमं वाचत गेल्या,
मी मराठीत सांगत गेलो:
यापुढे विकणाऱ्याचा दुकानावर
कसलाही हक्क, दावा वा हितसंबंध उरणार नाही.
परकार म्हणाले,
"म्हंजे गल्ल्यामागच्या स्टुलावर बसायचा पन नाय?"
कुरियनना मराठी येत नाही. 'स्टूल' तेवढं कळलं.
त्यांनी यादी उलटीपालटी केली:
फ्रीझर दोन, मांडण्या, काटा, शटर.
स्टूल यादीत नाही, म्हणाले,
ते मी विकत घेतच नाहीये.

मग पेन परकारांच्या हातात, आणि सही नाही.
एसीचा आवाज.
सवयीनं मी घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं.
दोन मापं.

फी ठरवताना काय काय धरायचं, तो कागद
माझ्या ड्रॉवरच्या आत चिकटवलेला आहे:
वेळ किती गेला, पानं किती, काम किचकट किती,
घाई होती का, रक्कम केवढी,
आणि पार खाली, जिथे चिकटपट्टी पिवळी पडलीय,
पक्षकाराला त्या कामाचं महत्त्व किती.
त्याचं माप मला कुणी शिकवलेलं नाही.

संध्याकाळी उस्ताजांना विचारलं, ती बारा मिनिटं?
चष्मा पुसत म्हणाल्या,
"टाइमशीटवर लिही. बिलावर नको."
लिहिलं.
तपशिलाच्या रकान्यात 'सल्लामसलत' टाकलं होतं, खोडलं.
'पक्षकार बसून होते' असं घातलं.
रक्कम शून्य टिंब शून्य शून्य शून्य.

काल मुहर्रकला अंडी घ्यायला गेलो,
वाटेत नाही तरी गेलो.
परकार स्टुलावर.
पन्नास फिल्स कमी पडले माझ्याकडे.
"उद्या दे," म्हणाले, नेहमीसारखंच.
उद्या त्यांचं विमान आहे.

हे पन्नास फिल्स आता कुणाचे,
परकारांचे की कुरियनचे,
मागील येण्यांबद्दलचं कलम आठ
पुन्हा काढून बघायला हवं.
माझ्या वेळेत. बिनाफी.